अनुभव धागा: थंड गावाहून नाशिकला परतताना

आज माळा आवरताना पाण्याची चेपलेली बाटली सापडली. धाकटी बहीण सिमल्याला असते. दोन दिवाळ्यांपूर्वी निघताना मुलानं तिच्या दारातच पाणी संपवून झाकण घट्ट लावलं. कालक्याला उतरलो तेव्हा बाटली जरा चेपलेली, नाशिकरोडला पार पोट आत. सिमला २२०० मीटरवर, हवा विरळ. आपण ६००च्या आसपास, इथली हवा बाहेरून दाबते. मुलगा अजून उघडू देत नाही, "आत मावशीकडची हवा आहे."
बहीण काही गेटपर्यंत आली नाही. बर्फासारख्या पाण्यात भांडी घासत बसली. मला राग आला होता.
तुमचंही लिहा.

निफाडकर: सिमला कशाला? जानेवारीत आमच्याकडे या. पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, नाहीतर द्राक्षमणी तडकतात.

कॅम्पातली सून: नवऱ्याची पोस्टिंग लेहला, साडेतीन हजार मीटर. पाणी नव्वदच्या आतच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. दोन महिने राहून देवळालीला आले नि सवयीनं आठ शिट्ट्या काढल्या. सासूबाई: "वरण आहे की खळ?"

चिवडाप्रेमी: 😂 जाताना चिवड्याची पाकिटं टम्म, येताना बाटली चपटी. हिशोब चुकता.

शालू_सिडको: टॉय ट्रेननं आलात का? तिकीट किती आधी काढलं?

धागाकर्ती: हो. ९६ किलोमीटरला पाच तासांच्या वर. १०२ बोगदे आहेत म्हणे, मुलानं चाळीसपर्यंत मोजले, मग उलटी.

रात्रपाळी: दिल्लीहून येताना मनमाडनंतर झोपायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. एकदा स्वेटर घालून थेट इगतपुरीला उतरलोय चौघं. बाबा अजून म्हणतात, डुलकी नव्हती, डोळे मिटले होते.

चिवडाप्रेमी: इगतपुरीत स्वेटर चालतो की!

कॅम्पातली सून: पावसाळ्यात. मे महिन्यात नाही.

धागाकर्ती: कुकर लावून आले. बहिणीला धागा पाठवला होता, लगेच फोन. म्हणे भांडी रात्रीच घासून झाली होती, नुसता नळ सोडून उभी होते.

निफाडकर: ताई, फेब्रुवारीत माल निघतोय. सिमल्याला पेटी पाठवायची का?

शालू_सिडको: तिकिटाचं राहिलंच...