मदत हवी आहे : ट्रेडमिलचा पट्टा डावीकडे सरकतो, आणि आई त्यावर चढायलाच घाबरते

नमस्कार मंडळी,

आईसाठी घरी ट्रेडमिल घेतली आहे. तिचं वय ६८. मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. बाहेर चालताना ती दोनदा ठेचकाळून पडली, दुसऱ्या वेळी मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. तेव्हापासून एकटी बाहेर पडत नाही. चालणं सुटलं तशी साखर पुन्हा वर गेली. म्हणून मी आणि भावाने मिळून हे मशीन आणलं, तेही बरंच वाचून, विचारून. आता ते खोलीत उभं आहे आणि त्यावर कुणीच चालत नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

जोडणी आम्ही दोघांनी घरीच केली. त्यात पहिलीच अडचण अशी आली की सगळे बोल्ट घट्ट करून झाल्यावर पडदा उजळला, पण पट्टा हलेना आणि E०१ असा संदेश आला. उभा खांब पुन्हा सोडवला तेव्हा दिसलं, की आतल्या वायरचा जोड अर्धवटच बसला होता आणि त्यातली एक पिन वाकली होती. ती हळूच सरळ करून जोड नीट दाबल्यावर मशीन सुरू झालं. कुणी नवीन जोडत असेल तर खांब उभा करताना वायर चिमटत नाही ना, हे आधी बघा, आमचे दोन तास त्यात गेले.

आता प्रश्न. पट्टा डावीकडे सरकून कडेच्या पट्टीला घासतो. भावाने मागचे दोन्ही बोल्ट चांगले आवळले, तरी फरक नाही. उलट आता करकर आवाज येतो आणि दहा मिनिटांनी रबर तापल्यासारखा वास येतो. दुसरं म्हणजे सुरू करताना दोनदा घरातला ब्रेकर पडला. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त छळतंय : आई त्यावर पाय ठेवायला तयार नाही. एकदाच चढली, दोन्ही दांडे गच्च धरून मिनिटभर चालली आणि "मला त्या दवाखान्यातल्यासारखं होतंय" म्हणून उतरली. गेल्या वर्षी तिची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) झाली होती, तेव्हा तिला खूप दम लागला होता. तिला कसं समजवावं?

आधी यावर धागा झाला असेल तर कृपया तिकडे वळवा.

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी ते बोल्ट सैल करा. मी अशी मशीनं दुरुस्त करतो, आणि घरी जोडलेल्या निम्म्या मशीनचं दुखणं हेच असतं. पट्टा सरकतोय म्हणून दोन्ही बाजू आवळल्या की पट्टा जास्त ताणला जातो, मोटर आणि रोलरच्या बेअरिंगवर जोर येतो, फळी आणि पट्टा यांच्यात घर्षण वाढतं. तुम्हाला येणारा वास त्याचाच असणार. नव्या पट्ट्याला पहिले काही दिवस रबराचा थोडा वास येतो, पण तो चालता चालता वाढत जात नाही.

प्लग काढा. पट्ट्याच्या मधोमध एका कडेला बोटं घालून तो वर उचलून बघा. साधारण ५ ते ७ सेंमी उचलला गेला तर ताण बरोबर. बोटभरही उचलत नसेल तर दोन्ही बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा उलटे फिरवत या. पाय टाकल्यावर पट्टा क्षणभर अडखळतो का, तेही पाहा. तसं झालं तर जास्त सैल झालाय.

ताण जमला की मग मध्यभाग. त्याआधी मशीन जमिनीवर डुगडुगतंय का बघा, चारी पाय टेकलेले असू द्या, पाणसळ ठेवून खात्री करा. जमीन उताराची असली तर बोल्ट कितीही फिरवा, पट्टा परत जातो. मग मशीन रिकामं, वेग ४ च्या आसपास ठेवून मागे उभं राहा. पट्टा ज्या बाजूला जातो त्या बाजूचा बोल्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा. तुमचा डावीकडे जातो, म्हणून डावा. मग एक-दोन मिनिटं थांबा, कारण पट्टा लगेच ऐकत नाही. घाई करून आणखी दोन फेरे दिले की तो पलीकडे जातो आणि मग दिवसभर तेच चालतं. केस, ओढणी, साडीचा पदर रोलरपासून लांब ठेवा.

तेलाचं म्हणाल तर पुस्तिकेत बघा. काही फळ्यांवर आधीच मेण असतं, त्यांना तेल लागत नाही. तुमच्या मशीनला लागत असेल तर फक्त सिलिकॉन तेल. शिवणयंत्राचं, खोबरेल, गंजनिरोधक फवारा यातलं काहीही नको, रबर खराब होतं. पट्ट्याखाली हात घालून फळीला बोट लावा, कोरडं लागलं तर दोन्ही कडांनी थोडं थोडं सोडा आणि कमी वेगाने पाच मिनिटं चालवा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. ब्रेकरबद्दल थोडं : मोटर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढते. त्याच लाइनवर गीझर किंवा इस्त्री चालू असेल तर ब्रेकर पडू शकतो. पट्टा फार आवळलेला असला तरीही प्रवाह वाढतो, त्यामुळे आधी पट्टा नीट करून पाहा. मशीनला भिंतीतला मोठा, अर्थिंग असलेला, स्वतंत्र पॉइंट द्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. आणि पडतो तो ब्रेकर नेमका कोणता हे बघून ठेवा. टेस्टचं बटण असलेला, विजेची गळती ओळखणारा ब्रेकर पडत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत मशीन लावू नका.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद. बोल्ट सैल केले, पट्टा खरंच तारेसारखा ताणला होता. भावाला वाईट वाटलं, पण त्याने मनापासूनच केलं होतं. गीझर त्याच लाइनवर होता! आता पॉइंट बदललाय, ब्रेकर पडला नाही. एक मशीनचा पाय हवेत होता, तोही टेकवला. रिकामं चालवलं तर पट्टा बरोबर मध्ये राहतो.

आईचं मात्र तसंच आहे.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या आईंची भीती अगदी खरी आहे, ती "उगीच" म्हणून बाजूला सारू नका. दवाखान्यात बहुतेक ठिकाणी टीएमटी रॉबर्ट ब्रूस या हृदयतज्ज्ञांनी बसवलेल्या पद्धतीने करतात. त्यात पहिल्याच टप्प्याला १० टक्के चढ असतो, वेग ताशी २.७ किमी. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. दुसऱ्या टप्प्यात चढ १२ टक्के आणि वेग ४ किमी. हृदयावर ताण आणून ते कसं वागतं हे पाहायचं, हाच त्या तपासणीचा हेतू. तिथे दम लागणं अपेक्षितच असतं. शिवाय वेग दुसऱ्याच्या हातात असतो. घरच्या मशीनवर चढ शून्य, वेग एकापासून, आणि थांबवायचं बटण त्यांच्या हाताखाली. हा फरक त्यांना शब्दांत सांगण्यापेक्षा करून दाखवा.

पहिले दोन दिवस मशीन बंद ठेवून त्यांना त्यावर नुसतं चढायला-उतरायला सांगा. दांडा धरून उभं राहणं, कडेच्या स्थिर पट्ट्यांवर पाय ठेवणं, एवढंच. मग सुरक्षा किल्ली दाखवा. तिची दोरी कपड्याला चिमट्याने अडकवतात. माणूस मागे गेला की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. तुम्ही स्वतः चालताना किल्ली ओढून दाखवा, आणि मग त्यांनाच ओढायला द्या. आपण हे थांबवू शकतो हे हाताला कळलं की भीती निम्मी होते, माझा हा नेहमीचा अनुभव आहे.

सुरू करताना कधीही पट्ट्यावर उभं राहू नये. पाय दोन्ही कडांवर, पट्टा सगळ्यात कमी वेगाने सुरू, मग एकेक पाय. पहिला आठवडा दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरे. सुरुवातीला दांडे धरू देत, पण अंगाचा भार दांड्यांवर टाकू नये, कारण मग पायांना व्यायाम कमी होतो आणि पाठ वाकते. नजर समोर, पायांकडे नाही. उतरण्याआधी वेग हळूहळू कमी करून मिनिटभर थांबा. एकदम उतरलं तर जमीन पुढे सरकल्यासारखी वाटते, आणि पडण्याचा धोका तेव्हाच असतो.

मधुमेह आहे म्हणून दोन गोष्टी आवर्जून. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालू देऊ नका, बूट हवेतच, आणि चालून झाल्यावर तळवे बघायचे. संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जवळ साखर ठेवा आणि वेळेबद्दल डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, वेगळाच दम लागला तर तिथेच थांबायचं. दांड्यावरच्या नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नका. चालता चालता वाक्य पूर्ण बोलता येतंय ना, हे माप चांगलं.

मशीनच्या मागे किती जागा आहे? भिंत जवळ असेल तर आधी ते बदला. मागे दोन मीटर मोकळी जागा हवी.

प्रतिसाद

थोडं अवांतर, पण मीही घ्यायच्या विचारात आहे. जाहिरातीत अश्वशक्तीचे आकडे फार मोठे दिसतात. कशाला महत्त्व द्यायचं?

प्रतिसाद

दुरुस्तीवाला पुन्हा. मोठा आकडा बहुधा कमाल शक्तीचा असतो, जी क्षणभरच मिळते. सलग चालताना मिळणारी शक्ती विचारा. नुसतं चालायला दीड-दोन अश्वशक्ती पुरते, रोज धावणारा असेल तर तीनच्या आसपास हवी. पट्ट्याची लांबी चालायला ११०-१२० सेंमी चालते, उंच माणसाला धावायला १४० च्या पुढे. वजनाची मर्यादा तुमच्या वजनापेक्षा चांगली वर असू द्या. ज्येष्ठांसाठी घेत असाल तर दांडे नसलेलं, पलंगाखाली सरकणारं पॅड घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. आणि सुटे भाग कुठे मिळतात हे पैसे देण्याआधी विचारा.

धागाकर्ती

मागे जेमतेम हातभर जागा होती. मशीन फिरवून दाराकडे पाठ केली, आता मागे मोकळं आहे. घरात भाचा येतो म्हणून वापर झाला की प्लग काढून किल्ली कपाटात ठेवतो.

आणि आई चालली! किल्ली तिनेच ओढली, तीन वेळा. तिसऱ्यांदा म्हणाली, "परत लाव." पहिल्या दिवशी चार मिनिटं, आज आठव्या दिवशी एका वेळी दहा, वेग २.

पण एक नवीन दिसलं. ती चालते तेव्हा पट्टा पुन्हा डावीकडे जातो. मी चालले तर जात नाही. बोल्ट परत फिरवू का?

प्रतिसाद

नको ताई, बोल्टला हात लावू नका. रिकामं आणि तुमच्या पायाखाली सरळ चालतंय म्हणजे मशीन ठीक आहे. माणूस एका पायावर जास्त भार देत असेल तरी पट्टा सरकू शकतो. मागून त्यांचं चालणं बघा.

प्रतिसाद

मीही हेच विचारणार होते. मागून आणि बाजूने मोबाइलवर एक-एक मिनिट चित्रीकरण करा. दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतो का ऐका. एखादा गुडघा दुखतोय का, हे सरळ विचारा. या वयाची माणसं आपणहून सांगत नाहीत.

धागाकर्ती

चित्रीकरण केलं. उजवं पाऊल ती पूर्ण टेकवतच नाही, पटकन उचलते. आवाजातही फरक आहे, एक जड, एक हलका. विचारल्यावर म्हणाली, उजवा गुडघा वर्षभर दुखतोय, "तुम्हाला कशाला त्रास." बाहेर दोन्ही वेळा ती का पडली असेल, ते आज मला कळलं. आम्ही रस्त्याला दोष देत बसलो होतो.

गुरुवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जातोय, चित्रीकरण सोबत नेणार आहे. तोवर चालणं सुरू ठेवावं का?

प्रतिसाद

चालताना दुखणं वाढत नसेल, सूज नसेल, तर सपाटीवर, याच वेगाने, पाच-पाच मिनिटं चालेल. चढ शून्यच. दुखलं तर गुरुवारपर्यंत पूर्ण थांबा. डॉक्टरांना पडल्याचंही दोन्ही वेळचं सांगा, विसरू नका. ते काय म्हणाले ते इथे नक्की लिहा, मी वाट बघते.