'बहिष्कृत' नको, मग काय? मंडळीच्या नियमावलीतल्या एका वाक्यासाठी मदत हवी

दुरेघी:
एका चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, नियमावलीचं मराठीकरण करतोय. बाकी सरळ गेलं, सातव्या कलमापाशी गाडी अडली. आशय असा: एखादा सभासद उघड पापात राहिला आणि समजावूनही 'अनरिपेंटंट' राहिला, तर मंडळीने त्याच्या बाबतीत 'डिसिप्लिन' अमलात आणावी, शेवटचा उपाय म्हणून 'एक्सकम्युनिकेट' करावं, हेतू मात्र 'रिस्टोरेशन'चा, म्हणजे त्याला परत आणण्याचा, असावा. माझा पहिला खर्डा: "अपश्चात्तापी सभासदावर शिस्तभंगाची कारवाई करून त्यास बहिष्कृत करण्यात येईल." वाचून मलाच घाम फुटला. रिस्टोरेशन तर त्यात कुठे मावलंच नाही. चारही शब्दांना पर्याय सुचवा.

टाचण:
'अपश्चात्तापी' हा शब्द जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. (पण 'त्ता' जोडून लिहिलंत, धन्यवाद. निम्मं जग 'पश्चाताप' लिहितं.) मराठीत यासाठी शब्दांचा तोटा नाही: कोडगा, निगरगट्ट, हेकेखोर, निर्ढावलेला. मी 'निर्ढावलेला' घेईन. आधी भीड होती, ती चेपत चेपत गेली, हा सगळा प्रवास त्या एका शब्दात आहे.

पागोळी:
प्रवास आहे म्हणूनच तो शब्द नको. 'निर्ढावलेला' म्हणणं म्हणजे माणसाच्या मनाचा पंचनामा करून निकाल देणं. मंडळीला फक्त वागणं दिसतं.

मुळात अडचण 'पश्चात्ताप' या शब्दापासूनच सुरू होते. पश्चात् + ताप: मागाहून होणारा दाह. 'अनुताप'ची घडणही तीच आणि 'पस्तावा' हे 'पश्चात्ताप'चंच घरगुती रूप. तिन्हींत भर आहे तो भावनेवर. पण नव्या करारात ज्यासाठी आपण 'पश्चात्ताप' वापरतो तो ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मनाचा पालट. त्यामागे असलेलं हिब्रू क्रियापद 'शूब' तर निव्वळ वळणं, परत फिरणं. मत्तय 27 मध्ये येशूला धरून देणारा यहूदा त्याबद्दल मिळालेली चांदीची नाणी परत नेतो तिथे ग्रीकमध्ये मेटानोइयाच्या कुळातला शब्द नाही, खंत वाटल्याचा वेगळा शब्द आहे. ताप झाला, पण तो येशूकडे वळला नाही. उलट लूक 19 मधला जकातदार जक्कय बघा. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट फेडतो म्हणाला. तो रडल्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

म्हणजे ढसाढसा रडणारा माणूस 'अनरिपेंटंट' असू शकतो, आणि कोरड्या डोळ्यांचा माणूस वळलेला असू शकतो. 'पश्चात्ताप न करणारा' असं लिहिलंत की वडीलमंडळ (मंडळीचा कारभार पाहणारे 'वडील') चेहऱ्यावरचे अश्रू मोजत बसेल.

ओसरी:
पागोळींच्या मुद्द्याला कॅथलिक बाजूने जोड देतो. आमच्या 1983 च्या धर्मविधीसंहितेत (कॅनन लॉ) बहिष्काराचा दंड लादण्यासाठी अट आहे ती 'कॉन्टुमाकिया'ची. याला मराठीत एकदम फिट्ट शब्द आहे: हेका. कलम 1347 म्हणतं, आधी निदान एकदा ताकीद दिलेली हवी आणि वळायला पुरेसा वेळ दिलेला हवा. नाहीतर असा दंड लादला तरी तो वैध नाही. (काही गंभीर कृत्यांना दंड आपोआप लागतो, त्याचं गणित निराळं.) हेका सुटला हे ओळखायचं कसं, तेही तिथेच आहे: खरोखर वळणं आणि झालेल्या नुकसानीची भरपाई, किंवा निदान तसं मनापासून दिलेलं वचन. आणि कलम 1358 प्रमाणे हेका सोडून भरपाई केलेल्याला माफी नाकारता येत नाही. दार आतल्या माणसाच्या लहरीवर ठेवलेलं नाही.

या दंडांना संहिता 'औषधी' दंड म्हणते, हेही भाषांतरकाराच्या कामाचं. बहिष्कृताला संस्कार घेता येत नाहीत, पण त्याचा बाप्तिस्मा पुसला जात नाही.

टाचण:
'हेका' मान्य. 'हेकेखोर' हा स्वभाव झाला, 'हेका न सोडणे' ही कृती. निर्ढावलेला मागे घेतो.

आता 'डिसिप्लिन'. 'शिस्तभंगाची कारवाई' ऐकलं की डोळ्यासमोर मेमो आणि निलंबन येतं. लॅटिनमध्ये डिसिप्लिनचं नातं 'शिष्य'वाचक शब्दाशी आहे. गंमत म्हणजे आपल्याकडेही तसंच: शास् या एका धातूतून शासन, अनुशासन, शिष्य आणि शास्त्र. 'शिक्षा'चंही बघा. संस्कृतात शिकवण, मराठीत येईपर्यंत छडी. इब्री लोकांस पत्र, अध्याय 12 मधला 'पाइदेइया' हा ग्रीक शब्दही असाच दुहेरी आहे, मुलाला वाढवणं आणि त्यासाठी प्रसंगी फटका देणं. मी 'अनुशासन' सुचवेन. सरकारी वास येतो खरा, पण 'शिस्तभंग'पेक्षा कमी.

पागोळी:
त्यापेक्षा साधं 'समज देणे' का नको? समजावणं आणि ताकीद, दोन्ही त्यात आहेत. 2 थेस्सलनीकाकरांस 3 मध्ये प्रेषित पौल हेच सांगतो: न ऐकणाऱ्याशी संबंध ठेवू नका, म्हणजे त्याला लाज वाटेल, पण शत्रू मानू नका, भाऊ म्हणून समज द्या. मत्तय 18 च्या पायऱ्याही समज देण्याच्याच आहेत. आधी एकट्याने एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. पहिल्या पायरीवर त्याने ऐकलं तर 'तू आपला भाऊ मिळवलास'. तिथलं ग्रीक क्रियापद व्यापारातल्या नफ्याचं आहे. नियमावली ही हिशेबाची वही असेल तर जमेची बाजू तिथे लिहिलेली आहे.

किल्ली:
एक खुसपट. "तुझ्या भावाने तुझा अपराध केला" यातला 'तुझा' काही सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, सिनाइटिकस आणि व्हॅटिकानसमध्ये नाही. 'तुझा' ठेवला तर प्रकरण दोघांतल्या भांडणाचं होतं, काढला तर कुणाच्याही कुठल्याही पापाचं. नियमावलीत हे आधी ठरवा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या खिडकीत डोकावत बसेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. 'पाप', 'अपराध', 'गुन्हा' हे शब्द मराठीत एकमेकांत सांडतात. लहान मुलाचं शोषण, मारहाण, अफरातफर यांना 'पाप' म्हणून एकांतातल्या पहिल्या पायरीवर ठेवलं की पीडिताला सांगितलं जातं, "आधी त्याच्याशी एकट्याने बोल." हे घडलेलं आहे आणि भयंकर आहे. गुन्हा असेल तर तो पोलिसांकडे जातो. मंडळीची समज नंतर, स्वतंत्र. हे वाक्य कलमात शब्दशः हवं. आणि पापी जर वडीलच असेल तर 1 तीमथ्य 5 बघा: आरोप ऐकायला दोन-तीन साक्षीदार हवेत, पण पाप करत राहिला तर त्याचा निषेध सगळ्यांसमक्ष. पद मोठं म्हणून पडदा टाकायची सोय तिथे नाही.

दुरेघी:
नोंद घेतली, स्वतंत्र उपकलम करतो. पण 'बहिष्कृत'चं काय? तिथेच सुई अडकलीय.

ओसरी:
बहिष्कार या मराठी शब्दाला जातपंचायतीचा वास आहे. वाळीत टाकणं, पाणी तोडणं, सोयरीक बंद. 'एक्सकम्युनिकेशन'मध्ये जे 'बाहेर' आहे ते 'कम्युनियो'च्या, सहभागितेच्या बाहेर. गावाच्या, विहिरीच्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या बाहेर नव्हे.

टाचण:
इतकं सोपं नाही हो. 1 करिंथ 5 मध्ये पौल म्हणतो, भाऊ म्हणवून उघड पापात राहणाऱ्याबरोबर जेवूही नका. हे जेवण प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) की घरचं, यावरून माणसं फुटलीत. 1527 च्या श्लाइटहाइमच्या अॅनाबॅप्टिस्ट (फक्त जाणत्या वयात बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाच्या) विश्वास-कबुलीत दोनदा खासगी समज, तिसऱ्यांदा उघड, आणि तेही भाकर मोडण्यापूर्वी, असा क्रम आहे. पुढे 1693 मध्ये याकोब अम्मान बाकीच्यांपासून वेगळा झाला, त्या वादात हाच मुद्दा होता: बाहेर काढलेल्याशी रोजचे व्यवहारही तोडायचे का. त्यातून आमिश हा पंथ निघाला. म्हणजे 'वाळीत टाकणे' हा अर्थ काही परंपरांत खरोखर अभिप्रेत आहे. तुमचं चर्च कुठल्या परंपरेतलं, त्यावर शब्द ठरेल.

दुरेघी:
आमच्या मूळ मसुद्यात फक्त प्रभुभोजन आणि सभासदत्व आहे. उपासनेला यायला मनाई नाही.

पागोळी:
मग 'बहिष्कृत' तिथे चूकच. मत्तय 18 चं शेवटचं वाक्यही पाहा: मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय आणि जकातदार यांच्यासारखा होवो. लोक हे वाक्य दार आपटल्यासारखं वाचतात. पण ज्याच्या नावाचं हे शुभवर्तमान, तो मत्तयच जकातीच्या नाक्यावरून उठून आलेला! येशू जकातदारांच्या पंगतीला बसायचा म्हणून त्याला शिव्या बसल्या. माझ्या मते त्याचा अर्थ, याला आतला धरू नका. बाहेरच्याला बोलावतात तसं पुन्हा पहिल्यापासून बोलवा. 'आतला धरू नका' हा भाग मात्र खरा आहे, तो गाळून नुसता गोड अर्थ काढणं ही लबाडी.

ओसरी:
एक अनुभव. नाव-गाव सांगत नाही. आमच्या नात्यातल्या एकाला त्याच्या मंडळीकडून पत्र आलं. दोन ओळी, खाली शिक्का: "आपले नाव नोंदवहीतून कमी करण्यात आले आहे." शाळेच्या पटावरून नाव कमी करतात तसं. कशामुळे, परत यायचं तर काय करायचं, कुणाशी बोलायचं, काही नाही. तो चुकला होता, हे त्यालाही मान्य होतं. पण पत्राची घडी उलगडून त्याने मला एकच विचारलं, "यात मी कुठेय?" खरंच, त्या दोन ओळींत कर्ता नव्हता. 'करण्यात आले आहे'. कुणी केलं? दुरेघी, तुमचा कर्मणी प्रयोग आधी काढा.

टाचण:
कर्मणी प्रयोगाविरुद्ध सह्यांची मोहीम काढा, मी पहिला.

किल्ली:
'रिस्टोरेशन' राहिलं. 'पुनर्स्थापना' म्हणजे पुतळ्याची किंवा सरकारची. गलतीकरांस 6:1 मध्ये जे क्रियापद आहे, काटार्टिझो, तेच मार्क 1:19 मध्ये जब्दीचे मुलगे तारवात बसून जाळी नीट करतात तिथे आहे. ग्रीक वैद्यकात निखळलेलं हाड बसवण्यासाठीही त्याच कुळातला शब्द. म्हणून 'सांधणे' किंवा 'नीट बसवणे'. हाड बसवताना दुखतं, आणि बसवणाऱ्याचा हात हलका लागतो. तोडणाऱ्याला दोन्हींची गरज नसते.

पागोळी:
'सांधून घेणे' म्हणा. 2 करिंथ 2 मध्ये शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल पौल लिहितो की बहुतेकांनी दिली ती शिक्षा पुरे झाली. आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. (1 करिंथ 5 मध्ये ज्याला बाहेर काढायला सांगितलं तोच हा माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.) शिक्षेला 'पुरे' म्हणणारं वाक्य फार कमी नियमावल्यांत सापडतं.

दुरेघी:
सगळ्यांचं ऐकून नवा खर्डा:

"सभासद उघड पापात राहिला तर वडील त्याला आधी एकांतात, मग साक्षीदारांसह, मग मंडळीसमोर समज देतील आणि वळायला वेळ देतील. त्यानंतरही त्याने हेका सोडला नाही तर मंडळी त्याला प्रभुभोजन आणि सभासदत्व यांपासून दूर ठेवील व कारण त्याला लेखी कळवील. उपासनेला त्याने येत राहावे. तो परतल्यास मंडळी त्याला सांधून घेईल. कृत्य कायद्याने गुन्हा असेल तर वडील ते प्रथम पोलिसांना कळवतील."

टाचण:
शेवटचं वाक्य वर न्या, पहिलंच. बाकी उत्तम.

पागोळी:
आणि 'परतल्यास' नको. 'परतल्यावर' लिहा.

दुरेघी:
दोन्ही बदललं.