‘सत्य घटनेवर आधारित’ : खऱ्या गुन्ह्यांवरचे भयपट, त्यांचे रिमेक आणि तुमचे अनुभव

सांजवात

गेल्या शनिवारी लेक हॉस्टेलवरून आला होता, रात्री जेवणं झाल्यावर त्याने २००३ चा ‘टेक्सास चेनसॉ मॅसकर’ लावला. सुरुवातीलाच जुनं कृष्णधवल पोलीस फुटेज, १८ ऑगस्ट १९७३ ही तारीख आणि तो गंभीर आवाज. पिक्चर संपल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथूनच विचारतो, आई हे खरंच झालं होतं का गं? एवढा सहा फुटी मुलगा, पण त्या रात्री पॅसेजमधला लाईट चालू ठेवून झोपला.

मी कॉलेजात असताना १९७४ चा मूळ पिक्चर मैत्रिणीकडे व्हिडिओवर बघितला होता आणि मलाही ते सगळं जसंच्या तसं घडलेलं वाटलं होतं, पुढे कितीतरी वर्षं मी तेच धरून चालले होते. खरं किती तर अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफिल्ड नावाच्या छोट्याशा गावात एड गीन हा माणूस १९५७ साली पकडला गेला, दोन बायकांना मारल्याचं त्याने कबूल केलं, बाकी त्याच्या घरात जे सापडलं ते कबरी उकरून आणलेलं होतं. टेक्सासशी काही संबंध नाही, करवतीशी नाही, गाडीतून फिरायला निघालेल्या पोरांशी तर नाहीच. आणि पिक्चरमध्ये जो १९७३ चा उन्हाळा सांगतात त्या उन्हाळ्यात मूळ पिक्चरचं शूटिंगच चालू होतं. याच एका माणसावरून १९६० चा ‘सायको’ निघाला, १९९१ च्या ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला खुनीही थोडा त्याच्यावरूनच उचललाय.

लेकाला हे सगळं सांगितलं तर त्याचा प्रश्न, मग त्या दोन बायका कुठल्या पिक्चरमध्ये आहेत? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. असा कुठला पिक्चर तुमच्या घरात, गावात, आठवणीत येऊन बसलाय? जुना आणि नवा दोन्ही बघितले असतील तर तेही लिहा. एकच विनंती, खुनांची वर्णनं नकोत आणि गेलेल्या माणसांची नावं नकोत, त्यांचे नातेवाईक इथे असू शकतात.

डेक्कनची

सांजवात, धागा बघून दोन दिवस लिहू की नको करत होते. १९७६ ला मी सहावीत होते. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हटलं की पुण्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी विजयानगर कॉलनीत तीन माणसं गेली आणि एक डिसेंबरला भांडारकर रोडवरच्या बंगल्यात पाच. आमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर.

त्याआधी आमचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं, शेजारच्या काकू वाटी घेऊन थेट ओट्यापर्यंत यायच्या. त्या डिसेंबरात बाबांनी दाराला साखळी बसवली, वर एक जादा कडी आणि बघायला भोक. सुतार मिळेना कारण सगळ्यांनाच तेच काम करून हवं होतं. आई तीनदा कोण म्हणून विचारायची, दूधवाल्याचा आवाज ओळखीचा असला तरी त्याला नाव सांगायला लावायची. संध्याकाळी सात वाजता रस्ता असा सुना व्हायचा की लांबून येणारी सायकलसुद्धा ऐकू यायची आणि ती आपल्या घरापाशी थांबत नाही ना म्हणून आम्ही श्वास धरून बसायचो.

पुढे मार्च ७७ मध्ये शेवटचा खून झाला आणि मग ते चौघे पकडले गेले, कॉलेजची मुलं, चित्रकलेची. वर्षभरात दहा जीव. पेपरात सगळं यायला लागलं, नायलॉनची दोरी, कुत्र्यांना माग लागू नये म्हणून शिंपडलेलं अत्तर. ते वाचलं त्या दिवशी आईने गॅलरीतली कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी विळीवर कापली. ओले कपडे तसेच बादलीत. दुसऱ्या दिवशी बाबांनी काथ्याची दोरी आणली, तिचे तंतू आमच्या युनिफॉर्मला लागायचे, पण आमच्या घरात त्यानंतर नायलॉनची दोरी कधीच आली नाही. आई २००९ ला गेली, तोपर्यंत नाही.

१९८६ ला याच्यावर ‘माफीचा साक्षीदार’ पिक्चर आला. नाना पाटेकरांनी काम इतकं चांगलं केलंय की मी अर्ध्यातून उठून बाहेर आले. थिएटरात माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी डायलॉगला शिट्टी मारली, मला ती शिट्टी सहन झाली नाही. त्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली होती, म्हणजे मध्ये पुरती तीन वर्षंही गेली नव्हती हो. अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ याच प्रकरणावरून सुचलेला, तो थिएटरात कधी आलाच नाही. लोक हळहळतात त्याबद्दल. मला हळहळ वाटत नाही, खरं सांगते.

लोकल_साडेसातची

डेक्कनची ताई, वाचताना काटा आला अंगावर.

आमचं मालाडचं. आजी १९६८ चं सांगायची. मुंबईतला तो खुनी, रमण राघव. त्याआधी ६५-६६ ला पूर्वेकडे रेल्वे लाईनच्या कडेने झालेच होते तसले खून, मग ६८ ला आमच्या उपनगरांत परत सुरू झाले. सगळे मेले ते झोपडीत नाहीतर उघड्यावर झोपलेले लोक, गरीब. आजी म्हणायची की चाळीतले पुरुष पाळीने काठ्या घेऊन रात्रभर फिरायचे आणि बायकांत अफवा अशी की तो मांजर होऊन येतो, म्हणून चाळीतल्या मांजरांनासुद्धा लोकांनी हाकलून लावलं होतं. आजी पाट्यावरचा वरवंटा उशाला घेऊन झोपायची. तो वरवंटा अजून आहे आमच्याकडे, चटणी त्याच्यावरच होते.

ऑगस्टमध्ये एका सब इन्स्पेक्टरने, ॲलेक्स फियाल्हो नाव, त्याला फोटोवरून रस्त्यात ओळखून धरला. एक्केचाळीस खून कबूल केले त्याने. पुढे मानसिक आजारी ठरला, हायकोर्टाने ८७ ला फाशीची जन्मठेप केली, १९९५ ला ससूनमध्ये किडनी निकामी होऊन गेला.

आता पिक्चर. १९९१ ला श्रीराम राघवन यांनी एक छोटा केला, रघुवीर यादव आहेत त्यात. खूप कमी पैशात केलेला दिसतो, पण काय माणूस उभा केलाय. मी आजीला दाखवला. ती पदराचं टोक तोंडात धरून सगळा बघत बसली आणि शेवटी फक्त एवढं म्हणाली, हा भुकेला दिसतोय रे. मला तेव्हा कळलं नाही. नंतर वाचलं की पोलिसांना तो काही सांगतच नव्हता, कोंबडी खायला दिल्यावर बोलायला लागला.

२०१६ चा ‘रमण राघव २.०’ मी एकट्याने बघितला. नवाजुद्दीन भारी आहे, पण त्यात पाटी येते सुरुवातीलाच, हा चित्रपट रमण राघवबद्दल नाही. मला ती पाटी आवडली, फसवाफसवी नाही, नाव घेतलंय आणि गोष्ट वेगळी सांगितलीय, आजच्या मुंबईची, पोलीसवाल्याची. पण आजी असती तर तिला हा दाखवला नसता. त्यात मारणारा इतका मोठा आहे की झोपलेली माणसं दिसतच नाहीत, आणि आजीची सगळी गोष्ट झोपलेल्या माणसांचीच होती.

हिल कंट्री

मी ऑस्टिनला असतो. १९७४ च्या ‘टेक्सास चेनसॉ’मधलं ते घर राऊंड रॉकला होतं, १९९८ मध्ये तिथून उचलून किंग्सलंडला नेलं, आता तिथे रेस्टॉरंट आहे. भारतातून मित्र आला की हट्टाने तिकडे नेऊन आणतो. आम्ही जेवलो पण खरं सांगू का, घास उतरत नव्हता. याच घरात त्या जेवणाच्या सीनचं शूटिंग सलग चोवीस तासांच्या वर चाललं होतं, टेक्सासचा उन्हाळा, खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या, टेबलावरचं मांस सडायला लागलेलं, नट बाहेर जाऊन ओकत होते म्हणे. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यातलं निम्मं तरी खरंच असणार.

जुना आणि नवा यात माझं मत सांगतो. जुन्यात रक्त जवळजवळ दिसतच नाही, डायरेक्टर टोब हूपर यांना तर वाटत होतं की सेन्सॉरचं सौम्य सर्टिफिकेट मिळेल. तरी बघणारे शपथेवर सांगतात की आम्ही अमुकतमुक कापताना बघितलं. नव्यात सगळं दाखवलंय आणि सगळं सुंदर दाखवलंय, धुळीतून येणारा उजेड वगैरे. गंमत म्हणजे दोन्हीचा कॅमेरामन एकच, डॅनियल पर्ल. मला नव्यात भीती वाटते ती पुढच्या खोलीत काय आहे याची. जुन्यात वाटते ती ते लोक माझ्या ऑफिसला जायच्या रस्त्यावर पेट्रोल पंप चालवत असतील याची.

कापूसपेठ

आमच्याकडचं लिहितो. गाव मानवत, जिल्हा परभणी. आमच्या गावाची कापसाची बाजारपेठ मोठी, सीझनला गाड्यांची रांग लागते, पण पुण्यात नोकरीला आलो तवा कुणी गाव विचारलं आन मी सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा, ते खुनाचं मानवत का? बहात्तर ते चौऱ्याहत्तरमधे झालेलं, बायका आन लहान पोरी गेल्या, गुप्तधनाच्या आन मूल व्हावं याच्या नादात. माझा जन्म त्याच्यानंतर पंधरा वर्षांनी.

आमच्या घरात हा विषय काढायची सोय नव्हती. लहानपणी आम्ही दुपारी शेताकडं एकटं निघालो की मोठी माय नुसतं नाव घ्यायची, मानवत, म्हणजे आमच्याच गावाचं नाव आम्हाला भीती घालायला वापरायची, आन आम्ही परत फिरायचो.

अमोल पालेकरांनी १९८१ ला ‘आक्रीत’ केला याच्यावर, लिहिलेला तेंडुलकरांचा. त्यात नावं बदललेली हायत. तो मला लई उशिरा बघायला मिळाला. मग २०२४ ला ‘मानवत मर्डर्स’ सिरीज आली, तिच्यात नावं खरी. तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी साहेबांच्या पुस्तकावरून केलीय ती, आशुतोष गोवारीकर झालेत कुलकर्णी. वर लोकल_साडेसातची दादांनी रमण राघवचं लिहिलं, त्या तपासावरबी हेच साहेब होते.

सिरीज आली त्या आठवड्यात हापिसात चौघांनी मला विचारलं, तुमच्या घरच्यांनी बघितलं होतं का सगळं? चांगल्या मनानं विचारलं त्यांनी, राग नाही. पण मी गावाकडं फोन केला तर आई म्हणली की पडद्यावर ती पोरगी पांदीतून चालत जाते तिथं मी टीव्ही बंद केला. म्हणलं का? तर म्हणली, त्यातली एक आमच्या ओळखीतल्या घरची होती, आन तिला परत त्या रस्त्यानं कशाला जाऊ द्यायचं.

पाऊसपाणी

कापूसपेठ दादा, आईंना नमस्कार सांगा.

माझं थोडक्यात. ‘सायको’चा १९९८ चा रिमेक, गस व्हॅन सँट यांचा. मुळातला शॉट जवळजवळ तसाच, संगीत तेच, फक्त रंगीत. बाथरूमचा सीन आला आणि मला काहीच झालं नाही. मूळ पिक्चर बघितल्यावर आठवडाभर मी कडी न लावता आंघोळ केली होती, म्हणजे कुणाला हाक मारता यावी म्हणून.

विद्यार्थिनी_डलास

रूममेट मला टेक्सारकानाला घेऊन गेली होती. टेक्सास-अर्कान्सासच्या सीमेवरचं गाव. १९४६ मध्ये फेब्रुवारी ते मे, आठ जणांवर हल्ले आणि त्यात पाच गेले, शिक्षा अजून कुणालाच झाली नाही. त्यावर १९७६ ला ‘द टाऊन दॅट ड्रेडेड सनडाऊन’ आला, २०१४ ला परत नवा. आणि गावात हॅलोवीनच्या सुमारास स्प्रिंग लेक पार्कमध्ये मोठा पडदा लावून तो जुना पिक्चर दाखवतात, लोक खुर्च्या, पांघरुणं, लहान मुलं घेऊन येतात. मीही बसले. मस्त वाटत होतं खरं तर.

मध्येच एक सीन आहे, खुनी ट्रॉम्बोनला चाकू बांधून मुलीला मारतो. आजूबाजूला लोक हसले. रूममेट त्या गावचीच, ती माझ्या कानात म्हणाली की असं काही झालंच नव्हतं. खरी मुलगी पंधरा वर्षांची होती, बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायची, त्या रात्री कार्यक्रम संपवून निघाली होती. तिला गोळ्या घातल्या, याच पार्कच्या परिसरात. तिचा सॅक्सोफोन बरेच महिने सापडलाच नव्हता, नंतर झुडपात पेटीसकट सापडला. मी पुढचा पिक्चर बघितलाच नाही, पार्कातल्या झाडांकडे बघत बसले.

उंबरठा

मला नाव गाव काही लिहायचं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये, समोरच्याच दारात, एका काकूंचा खून झाला होता. चोरीसाठी. मी तेव्हा नववीत. तीन वर्षांनी एका चॅनलवर त्याचा एपिसोड आला, नावं बदलून, भुताटकीसारखं म्युझिक लावून, मग काही वर्षांनी दुसऱ्या चॅनलने तीच गोष्ट परत केली, या वेळी जास्त भयानक.

पहिल्या एपिसोडमध्ये काकू तुळशीला पाणी घालताना दाखवल्या, जरीची साडी, मोठं कुंकू. दुसऱ्यात तर पूजेचं ताट हातातून पडतं असं. आमच्या काकूंकडे तुळस नव्हती. त्या गाऊन घालायच्या, वर टॉवेल घ्यायच्या, दुपारी दोनला क्रिकेट लावायच्या आणि विकेट पडली की आमच्या भिंतीवर दोनदा थाप मारायच्या म्हणजे आम्हालाही कळावं. मला गणिताचं जमेना तर रोज एक प्रमेय करून घेईन म्हणाल्या होत्या, सात झाली होती.

काकांनी दोन्ही एपिसोड बघितले. मी विचारलं का बघितलेत, तर म्हणाले, कुणीतरी बघायला पाहिजे ना, ती कुठेतरी दिसेल म्हणून.