बुजणे, भिडस्त की अंतर्मुख? नेमका शब्द हवाय

हिंजवडीकर
परवा बाणेरच्या एका हॉटेलात नेटवर्किंगचा कार्यक्रम होता. गळ्यात नावाची पट्टी अडकवून मी पाऊण तास कटलेटच्या टेबलापाशी उभा. बोलणाऱ्यांच्या घोळक्यात शिरायचं कसं, तेच कळेना. तळहाताला घाम, खिशातली कार्डं दमट. ३० नेली होती, २९ परत आली. एक गेलं ते पार्किंगवाल्याकडे, कारण त्यानेच आपणहून विचारलं, “साहेब, काय काम करता?” घरी बायकोला म्हटलं, “मी अंतर्मुख आहे गं.” ती हसली. चुकलं का काही?

शनिवारपेठी
हसणारच. मराठीत माणूस प्रसंगाने अंतर्मुख *होतो*. ‘वडील गेले आणि तो अंतर्मुख झाला’, म्हणजे स्वतःच्या आत डोकावू लागला. अंतर्मुख *असणं* हा अर्थ मानसशास्त्रातून आला. युंगने १९२१ साली स्वभावाचे जे दोन प्रकार मांडले, त्यातल्या एकाला आपण हा शब्द दिला. त्यातही भीती नाही. असा माणूस सभेत तासभर बोलेल, फक्त नंतर त्याला एकटं बसावंसं वाटेल. घाम फुटणं ही वेगळी गोष्ट. तुम्ही बुजलात. अनोळखी काही समोर आलं की घोडा बुजतो, बैल बुजतो, तसं.

नवशिका
‘बूज राखणे’ त्यातलंच का?

शनिवारपेठी
नाही हो. ती बूज म्हणजे कदर. आणि खड्डा बुजतो ते तिसरंच. (तो अर्थ पुण्यात वापराअभावी नामशेष होईल.)

सासवडकर
बैलाचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्याकडे पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा खिलारी बैल दावं तोडून पळाला होता. वडिलांनी त्याला चाबूक लावला नाही. ट्रॅक्टर दोन दिवस गोठ्यासमोर बंद उभा ठेवला. तिसऱ्या दिवशी बैल त्याच्या चाकाला अंग घासत होता. हिंजवडीकर, तुम्ही पोचलात तेव्हा हॉल भरलेला होता ना? चालू ट्रॅक्टर झाला तो. अर्धा तास आधी जा. दोन-चार माणसं असतात, येणारा एकेक करून येतो.

कोथरूडची मावशी
‘भिडस्त’ मात्र म्हणू नका. भिडस्त म्हणजे ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तो. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात ते त्याच्यासाठी. भीड *पडते* ती दुसऱ्याच्या मोठेपणाची, *मोडतो* ती आपण हट्टाने, आणि *चेपते* ती आपोआप, ये-जा करून. तुम्हाला हवी ती चेपलेली.

मी स्वतः जन्माची मुखदुर्बळ. पण हळदीकुंकवाला कधी अवघडले नाही, कारण माझ्याकडे अत्तरदाणी असायची. हात पुढे येतो, आपण अत्तर लावायचं, “या बसा” म्हणायचं, पुढची. बोलायला विषय शोधावा लागत नाही. तुमच्याकडे नावाच्या पट्ट्या वाटायला कुणीतरी बसतं ना? ते काम मागून घ्या. सगळे आपणहून येऊन नाव सांगतील.

शनिवारपेठी
मावशी, ‘अवघडणे’ झकास आठवलंत. कटलेटपाशी पाऊण तास म्हणजे अवघडून उभं राहणंच. बुजणं मनाचं, अवघडणं अंगाचं. हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, तेव्हा हाच शब्द.

नवशिका
आणि नेटवर्किंगला मराठी शब्द?

कोथरूडची मावशी
‘ओळखी वाढवणे’ म्हणतात. मला ‘ओळख काढणे’ जास्त आवडतं. “रमणबाग शाळेचे का? कुठल्या सालचे?” करत माणूस तिसऱ्या वाक्याला तुमच्या आत्तेभावापर्यंत पोचतो. ओळख कुठेतरी असतेच, ती नुसती शोधायची, असं गृहीत धरलेलं असतं त्यात. कामधंद्याचं विचारण्यापेक्षा ते सोपं जातं. अर्थात समोरचा नागपूरचा निघाला तर पंचाईत.

हिंजवडीकर
पुढच्या गुरुवारी सेनापती बापट रस्त्यावर आहे एक. पट्ट्या वाटायला येऊ का म्हणून विचारलं, लगेच हो म्हणाले. बायकोला सांगितलं, “त्या दिवशी मी बुजलो होतो.” या वेळी हसली नाही. म्हणाली, “मग तसं सांगायचं ना. कटलेट तरी बरी होती का?”