अनुभव धागा: जीआयएसच्या परिषदेला परदेशी जाताना (व्हिसा, परवानग्या, पैसे आणि पोस्टरचं नळकांडं)

धागाकर्ता

जीआयएस म्हणजे ठिकाणांची माहिती संगणकावर नकाशात मांडणं. शहरांचे नकाशे, उपग्रहचित्रं, मालमत्तांच्या नोंदी, त्रिमितीय मॉडेल अशा कामांतली बरीच मराठी मंडळी हल्ली बाहेरच्या परिषदांना जातात. पेपर कसा लिहावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण 'तुमचा पेपर स्वीकारला आहे' अशी मेल आल्यापासून सभागृहाच्या दारात गळ्यात बिल्ला पडेपर्यंत काय काय जुळवावं लागतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. ते इथे लिहा. जिथे गेला असाल तिथलं, स्वतः केलेलं. गूगलवर मिळतं ते नको, आणि विमानतळावरचे फोटोही नकोत.

सातबारा (महापालिका, नगररचना)

मी मे २०२४ मध्ये रॉटरडॅमला जिओस्पेशियल वर्ल्ड फोरमला गेलो होतो. आमच्यासारख्यांची खरी परीक्षा असते ती फाइलची. आधी आयुक्तांची मंजुरी, मग नगरविकास विभाग, परदेशगमनाचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि अधिकृत दौरा असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी. यजमान संस्था राहण्याजेवणाचा खर्च करणार असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्या आणि पाहुणचाराच्या) कायद्याखाली गृहखात्याची वेगळी परवानगी. तो अर्ज ऑनलाइन करता येतो. माझी फाइल एका टेबलावर नुसती पडून होती, कारण आमंत्रणपत्रात 'खर्च आयोजक करतील' असं होतं, पण कुठला खर्च ते लिहिलेलं नव्हतं. आयोजकांकडून नवीन पत्र मागवलं: नोंदणी शुल्क माफ, निवास अमुक रात्री, विमानभाडं नाही. तीन ओळी. त्यानंतर फाइल हलली. म्हणून आमंत्रणपत्र मागतानाच ते कसं लिहून हवं ते आयोजकांना सांगा. ते आनंदाने देतात, त्यांना रोज अशी पत्रं द्यावी लागतात.

केंद्राचे नियम लागू असतील तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच घ्यावं लागतं. बाहेर चार हजारांनी स्वस्त दिसलं तरी बिल पास होत नाही. बोर्डिंग पास जपून ठेवा. मोबाइलवरचा चालेल की नाही यावर आमच्या लेखा विभागात दोन मतं आहेत, तेव्हा काउंटरवरून कागदी मागून घ्या.

नवखी_पीएचडी

@सातबारा, आधी तिकीट की आधी व्हिसा?

सातबारा

शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरलेलं तिकीट नाही. दूतावास स्वतःच सांगतात की व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि प्रवासाच्या निदान पंधरा दिवस आधी जायला हवा. कागदावर हे सोपं वाटतं. पण परिषद मे महिन्यात आणि आपल्याकडच्या शाळांना सुट्ट्याही तेव्हाच. एप्रिलमध्ये मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे गणपतीत कोकणगाडीचं आरक्षण मिळवणं. फेब्रुवारीतच तारीख धरा. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झालंय. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आणि ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. परिषद नेदरलँड्सची आणि नंतर आठवडाभर पॅरिस असं करणाऱ्यांनी रात्री मोजून घ्या.

मुक्तस्रोत

मी फॉसफोरजीला (मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअरची जागतिक परिषद) गेले होते, २०२३ मध्ये कोसोव्होत प्रिझ्रेनला. तिथली गोष्ट वेगळीच आहे, कारण भारताने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. दिल्लीत त्यांचा दूतावास नाही. मग व्हिसा आणायचा कुठून? सगळ्यांनी काढलेली वाट एकच: अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असेल तर कोसोव्होत पंधरा दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येत होतं. त्यामुळे शेंगेन अर्जातच 'मल्टिपल एंट्री' का हवी याचं पत्र जोडावं लागलं, सोबत परिषदेचं आमंत्रण. एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळालेला एक जण घरीच राहिला आणि त्याचं सादरीकरण दुसऱ्याने केलं.

अल्बानियातल्या तिरानाहून बसने प्रिझ्रेन सोयीचं पडतं, डोंगरातून सुंदर महामार्ग आहे. मात्र तिथून कोसोव्होत शिरून पुढे सर्बियाला जायचा बेत आखू नका. कोसोव्होची सीमा सर्बिया आपली बाहेरची सीमा मानत नाही, त्यामुळे दारातून परत पाठवतात. चलन युरोच, ती एक सोय. परिषद भरली होती जर्मन सैन्याच्या जुन्या छावणीत, आता तिथे इनोव्हेशन पार्क आहे. बराकींसारख्या इमारती, मध्ये मोठं मैदान, एका सभागृहातून दुसऱ्यात जायला बरीच पायपीट. बूट चांगले घाला. खाण्यात चीजचा बुरेक आणि थरांची फ्लिया मिळते, शाकाहाऱ्याचं निभतं. संध्याकाळी सगळे नदीकाठच्या दगडी पुलापाशी. निम्म्या ओळखी मला तिथे झाल्या, सभागृहात नव्हे.

पैशांबद्दल: प्रवास-मदत मंजूर झाली तरी ती बहुतेक वेळा नंतर मिळते, पावत्या दाखवून. म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून. विद्यार्थ्यांनी हे विचारून घ्यावं आणि नोंदणी शुल्क तरी थेट माफ करायला सांगावं. दुसरं, ऑक्टोबर २०२० पासून आपल्या बँका नवीन कार्ड देताना परदेशी व्यवहार बंद ठेवूनच देतात. ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा वाढवा, मगच नोंदणीच्या पानावर जा. नाहीतर सवलतीच्या दराच्या शेवटच्या रात्री पैसे अडकतात.

नवखी_पीएचडी

पोस्टर नेऊ की तिथेच छापू? माझ्या मार्गदर्शकांच्या मते नळकांडंच न्यावं.

मुक्तस्रोत

कापडावर छाप. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, नळकांडं जवळजवळ मीटरभर लांब होतं. काही विमान कंपन्या ते हातातल्या सामानात मोजतात आणि दारावर वेगळे पैसे मागतात. कापडी पोस्टर घडी करून पिशवीत बसतं. हॉटेलात गेल्यावर इस्त्री मागायची, बास. आयोजकांनी उभं मागितलंय की आडवं ते मात्र दोनदा वाच. आडवं पोस्टर उभ्या पाटीवर लावलेलं मी पाहिलंय, बाजूचे दोन्ही निष्कर्ष हवेत लटकत होते.

पिवळं_कार्ड

ॲमेझॉनच्या मुखाशी, बेलेंला जाणाऱ्यांसाठी (डिसेंबर २०२४ चं फॉसफोरजी तिथे होतं). ब्राझीलहून परतताना पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरूनच थेट विलगीकरणात नेतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि ती ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते. मुंबईत सहारच्या विमानतळ आरोग्य संघटनेकडे सोय आहे. दिवस ठरलेले असतात, गर्दी असते, पासपोर्ट मूळ लागतो कारण त्याचा नंबर पिवळ्या कार्डावर हाताने लिहितात. तो अंक अन् अंक तिथेच तपासा. माझ्या पुढच्या बाईंच्या कार्डावर एक आकडा उलटा पडला होता, त्यांनी खिडकीवरच दुरुस्त करून शिक्का मारून घेतला. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनाही हाच नियम, त्यामुळे यूएन-हॅबिटॅटच्या (संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठीची संस्था) कामाला नैरोबीला जाणाऱ्यांनीही घेऊन ठेवा.

विमान अमेरिकेतून बदलत असेल तर नुसतं बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की मार्ग आधी बघा. आखाती देशातून साओ पाउलो आणि तिथून देशांतर्गत विमानाने बेलें, हे लांब पडतं पण कटकट नाही. बेलेंमध्ये दुपारी पाऊस ठरलेला. तिथले लोक भेटीची वेळही 'पावसाआधी की पावसानंतर' अशी देतात. लॅपटॉपला प्लास्टिकची पिशवी, अंगाला डासांचं मलम. वेर-ओ-पेझू बाजारात तिथली आसाई (ताडासारख्या झाडाचं फळ) खाऊन बघा, साखर न घालता. सगळ्यांना आवडतेच असं नाही.

दगडी_मैलखूण (सर्व्हेतून निवृत्त)

व्हिसाचं बोलून झालं असेल तर नकाशांचं बोलू. परदेशी परिषदेत दाखवलेल्या तुमच्या स्लाइडवर भारताची सीमा कोणती? बहुतेक पोरं ऑनलाइन मिळणारा आयता पार्श्वनकाशा टाकतात. त्यात जम्मू-काश्मीर आणि अरुणाचल तुटक रेषांनी तोडलेले असतात. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याप्रमाणे सर्व्हे ऑफ इंडियाच्या (देशाचे अधिकृत नकाशे बनवणारी सरकारी संस्था) नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सर्व्हेच्या पोर्टलवर सीमेचा नकाशा फुकट मिळतो, तो वापरा. शहरापुरतं काम असेल तर देशाचा नकाशा टाकताच कशाला? पुण्याचा वॉर्ड दाखवायचा तर पुणेच दाखवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे बरेच मोकळे केले, पण एक उंबरठा ठेवला: आडव्या दिशेने एक मीटर आणि उंचीत तीन मीटर. त्याहून बारीक अचूकतेची माहिती भारतातच साठवायची आणि भारतातच प्रक्रिया करायची. महापालिकेचा लायडार (लेझरची मोजणी) किंवा ड्रोनचा पॉइंट क्लाउड (मोजलेल्या बिंदूंचा त्रिमितीय साठा) लॅपटॉपमध्ये घालून 'तिथे लाइव्ह डेमो देऊ' म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं. चित्रं, आलेख, वॉर्डनिहाय सरासरी न्या. मूळ डेटा घरी ठेवा.

सातबारा

@दगडी_मैलखूण, हे आमच्या सल्लागार कंपनीलाही वाचायला देतो.

ट्रायपॉड

आम्ही यंत्रं बनवतो, त्यामुळे आमचा प्रश्न सामानाचा. २०२४ ला जर्मनीत स्टुटगार्टच्या इंटरजिओ या प्रदर्शनाला जीएनएसएस रिसीव्हर (उपग्रहांवरून अचूक जागा मोजणारं यंत्र) घेऊन गेलो, कार्नेटवर. कार्नेट म्हणजे यंत्रांचा पासपोर्टच, सामान तात्पुरतं नेऊन परत आणताना कस्टम्सचं शुल्क भरावं लागू नये म्हणून. आपल्याकडे फिक्की (उद्योजकांची संघटना) देते, हमी म्हणून रक्कम किंवा बँक गॅरंटी ठेवावी लागते. भारतातून निघताना आणि परतताना पिवळी पानं, तिकडे आत नेताना आणि बाहेर आणताना पांढरी. प्रत्येक ठिकाणी कस्टम्सचा शिक्का हवाच. पहाटेच्या विमानाला कस्टम्सची खिडकी शोधायला वेळ लागतो, चेक-इनच्या आधीच ते उरका, कारण अधिकाऱ्याला खोक्यावरचे नंबर प्रत्यक्ष बघायचे असतात. लिथियम बॅटऱ्या सुट्या असतील तर हातातल्या सामानात, १०० वॉट-तासांच्या वर विमान कंपनीची लेखी संमती.

आणि ड्रोन नेऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये कैरोला वर्ल्ड अर्बन फोरम झाला. नोंदणी फुकट, शहरांवर काम करणाऱ्यांनी चुकवू नये असा मेळावा. पण इजिप्तमध्ये संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन आणता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका चमूचा विमानतळावरच जमा झाला.

डचवासी (मूळ सोलापूर)

रॉटरडॅमला येणाऱ्यांनी स्किपोलला (ॲमस्टरडॅमचा विमानतळ) तिकिटाच्या रांगेत उभं राहू नये. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड फाटकाला टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्त पैसे कापतात. एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते, तिचा थोडा अधिभार असतो. राहायला रॉटरडॅम महाग वाटलं तर डेल्फ्ट बघा, जवळ आहे. तिथल्या विद्यापीठातली त्रिमितीय मॉडेलची मंडळी पत्र पाठवलं तर वेळ देतात, पण चहापाण्याच्या आशेने जाऊ नका.

जेवणाचं: वेस्ट-क्राउस्काडे या रस्त्यावर सुरिनामी हॉटेलं आहेत. १८७३ पासून आपल्याकडचे भोजपुरी मजूर सुरिनामला गेले, त्यांची नातवंडं-पतवंडं इथे रोटी विकतात. शाकाहारी रोटी मागा: बटाट्याची भाजी, चवळीच्या शेंगा, आत डाळ भरलेली मोठी पोळी. सोबतची मिरचीची चटणी मी सोलापूरचा असूनही जपून घेतो. परिषदेच्या जेवणात सँडविच आणि गार दूध असतं, तेव्हा हा पत्ता लिहून ठेवा.

चारमिनार

परदेशी जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची जिओस्पेशियल काँग्रेस हैदराबादला एचआयसीसी या संमेलन केंद्रात भरली होती. व्हिसा नाही, लस नाही, पुण्याहून शताब्दीने सिकंदराबाद, तिथून मेट्रोने हायटेक सिटी आणि पुढे रिक्षा. बिल्ल्यासाठी फोटोसह आधी ऑनलाइन नोंदणी मात्र सक्तीची होती. दारावर आधार कार्ड दाखवून काही उपयोग झाला नाही, अनेकांना परत पाठवलं. पुढची अशी परिषद देशात आली की नोंदणी उघडल्या दिवशीच करा.

नवखी_पीएचडी

कापडी पोस्टर पुण्यात कुठे छापून मिळतं? आणि ए-झिरोला साधारण किती घेतात?