वृषणाचा कर्करोग: अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत जगण्याचे प्रमाण कमी का?

प्रश्न: अमेरिकेत हा कर्करोग गोऱ्या पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो, तरीही निदानानंतर जगण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत कमी दिसते. याचे कारण रोगाच्या स्वरूपात आहे की उपचारांत?

उत्तर १: बहुतांशी निदानाच्या वेळेत. गाठ वृषणापुरती मर्यादित असताना पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ९९ टक्के असते, दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते ७३ टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि कृष्णवर्णीय रुग्णांचे निदान अधिक वेळा पसरलेल्या अवस्थेत होते.

उत्तर २: अवस्था समान धरली तरी काही अभ्यासांत फरक उरतोच. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात कर्करोगतज्ज्ञ लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधावर आधारित उपचार सुरू केल्यापासून पसरलेला रोगही बहुधा बरा होतो. त्यामुळे विमा आणि अनुभवी रुग्णालय मिळणे मला अधिक निर्णायक वाटते.

प्रश्नकर्ता: आभार. ‘गोऱ्यांचा आजार’ हा समजही गाठीकडे दुर्लक्ष करायला लावत असेल.