पावसाळ्यात घरातली मुले : गोष्ट आणि हातकाम

फ्लॅट २०३ : सर्वांना नमस्कार. आषाढ लागल्यापासून पाऊस उसंत देत नसल्याने मुलांना खाली सोडता येत नाही, आणि आमची साडेचार वर्षांची लेक मोबाईल समोर असल्याशिवाय जेवायला बसत नाही, अशी अवस्था झाली आहे. रंगपेट्या आणि तयार संच आणून पाहिले, पण दहा मिनिटांपलीकडे तिचे मन रमत नाही. ज्यांनी लहान मुलांसोबत काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फ्लॅट १०१ : ताई, मी बरीच वर्षे बालवाडीत शिकवले, त्या अनुभवावरून लिहिते. आधी गोष्ट सांगावी आणि मग त्याच गोष्टीतले हातकाम द्यावे. नुसता कोरा कागद पुढे ठेवला तर काय काढायचे हे मुलाला सुचत नाही. पण भरतीच्या पाण्याने खेकड्याचे बीळ बुजले, आता तो रात्री निजणार कुठे, इथे गोष्ट थांबवली की तेच मूल त्याला घर बांधून द्यायला धावते. तीच गोष्ट रोज मागितली तर रोज सांगावी, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचा मुलाला आधार वाटतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपल्या आधी आपलेच शब्द म्हणू लागते.

साहित्य विकत आणण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, अनुताई वाघ यांच्या साथीने गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंनाच साधने मानले. आपल्या परसात करवंट्या आहेत, सुपारीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, आहे, फणसाची पाने आहेत. भेंडी आडवी कापून हळदीच्या पाण्यात बुडवली की फुलासारखा ठसा उठतो. गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचे कारखाने, सध्या सुरू आहेत, तिथे मागितल्यास ओंजळभर शाडू कोणीही देईल.

एक कळकळीची विनंती आहे. मुलाने केलेले आपण दुरुस्त करू नये. माझ्या मुलाने लहानपणी शाडूचा हत्ती केला होता, सोंड पायाइतकी जाड आणि जमिनीला टेकलेली. मी ती बारीक करून वर वळवून दिली. त्याने हत्तीकडे एकदा पाहिले, हात फ्रॉकला पुसावेत तसे माझ्या पदराला पुसले आणि तो उठून गेला. त्या दिवशी त्याने पुन्हा माती हातात घेतली नाही, याची खंत मला आजही आहे.

फ्लॅट ३०४ : काकू, गावाहून आलेल्या काजूच्या बिया मोजायला आणि रचायला दिल्या तर चालतील का? धाकटा दोन वर्षांचा आहे.

फ्लॅट १०१ : मुळीच देऊ नका. कच्च्या काजूबीच्या टरफलातले तेल अंगाला लागले की कातडी भाजते. शिवाय तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, मणी असे घशात अडकेल इतके लहान काहीही ठेवू नये. धाकट्याला करवंट्या द्या, त्या वाजवण्यातही तो रमेल.

फ्लॅट ४०२ : माझे माहेर कुडाळचे. जवळच पिंगुळीला ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून कथा सांगतात. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडे वीज रोजच जाते, तेव्हा दारात पांढरी चादर टांगून मागून बॅटरी धरावी आणि दोहोंच्या मध्ये पुठ्ठ्याच्या आकृत्या नाचवाव्यात. आकृती बॅटरीजवळ नेली की सावली मोठी होते, हे मुले स्वतःच शोधून काढतात.

फ्लॅट २०३ : सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी वीज गेल्यावर खेकड्याची गोष्ट सावल्यांतून सांगितली. लेकीने त्याच्यासाठी करवंटीचे घर केले, आत कापसाची गादी घातली आणि दार म्हणून फणसाचे पान लावले. जेवताना मोबाईलची आठवण निघाली नाही. निजण्यापूर्वी तिने ती करवंटी उंबऱ्याशी नेऊन ठेवली, आणि खेकडा आत आडवा जाईल की सरळ, हे १०१ च्या आजींना विचारून ठेवायला मला बजावले आहे.